औषधाची परीक्षा, आणि परीक्षकाचीही

१९९६ सालची गोष्ट. दवाखाना थाटून मला जेमतेम तीन वर्षे झाली होती. एस.टी.त कंडक्टर असलेले एक गृहस्थ सकाळी सकाळी पत्नीला घेऊन आले. बाईंचे वय तिशीच्या आतले. फुफ्फुसाच्या क्षयासाठी मीच त्यांना औषधे सुरू केली होती आणि ताप, खोकला दोन्ही उताराला लागले होते. पण चार दिवसांपासून अन्नावर वासना नव्हती, उलट्या होत होत्या. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. लघवी कोऱ्या चहासारखी होते, असे नवऱ्याने सांगितले. कावीळ झाली होती, आणि ती मी लिहून दिलेल्या गोळ्यांनीच.

औषधे तिथल्या तिथे बंद केली आणि बाईंना जिल्हा रुग्णालयात पाठवले. तीन आठवडे त्या तिथे होत्या. यकृत पूर्वपदावर आल्यावर तिथल्या डॉक्टरांनी एकेक औषध पुन्हा हळूहळू चालू केले, एक कायमचे वगळले. उपचार लांबला, पण क्षय बरा झाला. आज त्या बाई आजी आहेत आणि नातवाला खोकला झाला की माझ्याकडेच आणतात.

म्हणजे शेवट गोड झाला. परंतु त्या दिवशी तिच्या नवऱ्याने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. "डॉक्टरसाहेब, ही औषधं बाजारात यायच्या आधी कुणावर तरी तपासून बघतात ना? मग हिच्या लिव्हरला सोसणार नाही, हे आधी कसं नाही कळलं?" मी त्यांना काहीबाही सांगून वेळ मारून नेली होती.

हा प्रश्न आज पुन्हा काढण्याचे कारण असे, की आमच्या पलीकडच्या मेडिकल स्टोअरवाल्यांचा मुलगा एम.फार्म. करतो आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो भेटायला आला. 'चिपवरचा अवयव' या नव्या तंत्रावर त्याला काम करायचे आहे. त्याचे सर म्हणाले, कंपनीचा हात पाठीशी असल्याशिवाय हे काम होणार नाही. "काका," तो म्हणाला, "कंपनीचे पैसे घेऊन केलेलं संशोधन खरं मानतील का लोक?" दोन प्रश्न, तीस वर्षांच्या अंतराने विचारलेले. माझ्या मते दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

कोणतेही नवे औषध माणसाला देण्याआधी वर्षानुवर्षे प्राण्यांवर तपासले जात आले आहे. आधी उंदीर, मग कुत्रा किंवा माकड. ही पद्धत निरुपयोगी होती असे मी म्हणणार नाही. अनेक घातक रसायने तिने वाटेतच अडवली. पण तिला मर्यादा आहेत. घरातलेच उदाहरण घ्या. ताप आला की आपण पॅरासिटामॉलची गोळी घेतो. तीच एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची सोय मांजराच्या यकृतात फारच अपुरी असते. उलट साध्या उंदराला पॅरासिटामॉलच्या मोठ्या मात्रेने यकृताला जी इजा होते, ती मोठ्या जातीच्या उंदराला सहजी होत नाही. उंदरा-उंदरांत एवढा फरक, तर उंदरात आणि माणसात किती असेल?

याचा सर्वांत दुःखद धडा १९९३ साली अमेरिकेत मिळाला. बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिपॅटायटिस-बीच्या १५ रुग्णांना फियालुरिडिन नावाचे नवे औषध देण्यात आले. उंदीर, कुत्री, माकडे या सर्वांनी ते पचवले होते. सुरुवातीला रुग्णांमध्येही विषाणू झपाट्याने कमी झाला आणि सारे खूश होते. तेराव्या आठवड्यात एका रुग्णाचे यकृत अचानक निकामी झाले. औषध ताबडतोब थांबवले, तरी इजा थांबली नाही. एकूण ७ जणांना गंभीर बाधा झाली. त्यातले ५ दगावले आणि २ जण यकृतरोपणामुळे वाचले. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांवरच त्या औषधाचा घाव होता. तो घाव प्राण्यांत दिसला नव्हता.

क्षयाच्या गोळ्यांची कथाही फार वेगळी नाही. आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आहे आणि या औषधाने वाचवलेल्या माणसांची गणती नाही. पण त्याच्यापासून यकृताला असलेल्या धोक्याची खरी जाण १९७० च्या सुमारास आली. त्या साली वॉशिंग्टनमध्ये क्षयाचा प्रसार टाळण्यासाठी २,३२१ सरकारी कर्मचाऱ्यांना ते देण्यात आले. त्यांपैकी १९ जणांच्या यकृताला सूज आली आणि दोघे मरण पावले. म्हणजे जी गोष्ट प्रयोगशाळेत कळली नाही, ती माणसांनी सोसून कळवली, आणि तीही १८ वर्षांनी. कंडक्टरसाहेबांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे: तपासले होते, पण माणसाच्या यकृतावर नव्हते.

पेन ड्राइव्हएवढे फुफ्फुस

आता हे नवे तंत्र काय आहे ते पाहू. चिपवरचा अवयव म्हणजे पेन ड्राइव्हएवढी, सिलिकॉन रबराची एक पारदर्शक पट्टी. तिच्या आत केसासारख्या बारीक अशा दोन वाटा असतात, एकीवर एक. मध्ये अतिसूक्ष्म छिद्रांचा लवचिक पडदा असतो. वरच्या वाटेत माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशी वाढवतात आणि त्यांच्यावर हवा खेळती ठेवतात. खालच्या वाटेत रक्तवाहिनीच्या पेशी वाढवतात आणि त्यांच्यावरून रक्तासारखा द्रव वाहता ठेवतात. दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांतली हवा ठरावीक लयीत ओढून घेतली, की मधला पडदा ताणतो आणि सैल होतो. आपली छाती श्वासाबरोबर हलते, तसाच. बारीक नक्षी कोरण्याची ही हातोटी संगणकाच्या चिप बनवणाऱ्यांकडून उचलली, म्हणून नाव चिप.

नुसत्या बशीत वाढवलेल्या पेशी लवकरच आपले काम विसरतात. त्यांना प्रवाह हवा, शेजारी हवा, हालचाल हवी. ती मिळाली की त्या अवयवासारख्या वागू लागतात. फुफ्फुसाची अशी चिप हार्वर्ड विद्यापीठाच्या व्हीस संस्थेत डॉ. डोनाल्ड इंगबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवली. ते काम २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे यकृत, आतडे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांच्या चिपा झाल्या. यकृताच्या चिपमध्ये मुख्य पेशींच्या जोडीला रक्तवाहिनीच्या पेशी, बाहेरचे जंतू व कचरा गिळणाऱ्या भक्षक पेशी आणि जखमेनंतर व्रण तयार करणाऱ्या पेशीही असतात. चारही माणसाच्या. रोपणाला उपयोगी न पडणारी जी यकृते दानात मिळतात, त्यांतून अशा पेशी घेता येतात.

विद्यापीठ आणि कंपनी यांचा संसार

हा शोध एकट्या विद्यापीठाच्या बळावर पुढे जाऊ शकला असता का? मला तसे वाटत नाही. व्हीस संस्थेची सुरुवातच मुळी हान्सयोर्ग व्हीस या उद्योगपतीच्या १२.५ कोटी डॉलरच्या देणगीतून झाली. मोडलेली हाडे जोडण्याच्या पट्ट्या आणि स्क्रू बनवणाऱ्या धंद्यातून त्यांनी पैसा मिळवला होता. अमेरिकी सरकारच्या संस्थांनीही २०१२ पासून या कामाला मोठी मदत दिली. पण नुसत्या पैशाचा प्रश्न नाही. विद्यापीठाकडे कल्पना असते, हुशार मुले असतात. नवे औषधी रेणू मात्र कंपन्यांच्या कपाटात असतात. कोणते औषध माणसात कसे फसले, याचे सारे कागदही तिथेच असतात. चिपची परीक्षा घ्यायची तर ते कागद लागतात.

२०१२ सालचे एक उदाहरण सांगतो. इंटरल्यूकिन-२ हे कर्करोगावरचे औषध. त्याने काही रुग्णांच्या फुफ्फुसात पाणी साठते. हार्वर्डच्या चिपमध्ये ते औषध सोडल्यावर तिथेही खालच्या वाटेतला द्रव वरच्या वाटेत झिरपू लागला. श्वासाची हालचाल चालू ठेवली तर गळती वाढते, असेही दिसून आले. हे नुसत्या बशीतल्या पेशींत कळणे शक्य नव्हते. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीकडे तेव्हा एक नवा प्रायोगिक रेणू होता. तो चिपमध्ये सोडला आणि गळती थांबली. विद्यापीठाला रेणू मिळाला, कंपनीला माणसाच्या पेशींवरचा पुरावा मिळाला. एकाच्या घरी पीठ आणि दुसऱ्याच्या घरी चूल असावी, तसा हा मामला.

शिवाय विद्यापीठात एक विद्यार्थी दहा चिपा मोठ्या निगुतीने बनवतो. कंपनीला हजार लागतात आणि त्या एकसारख्या लागतात. ते काम कारखान्याचे. म्हणून २०१४ साली त्याच संस्थेतून एम्युलेट नावाची कंपनी निघाली. तिने केलेल्या यकृताच्या चिपच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ८७० चिपा आणि २७ औषधे. कोणते औषध कोणते हे तपासणाऱ्यांना माहीत नव्हते. यातली काही अशी होती, की प्राण्यांवरच्या चाचणीत पास होऊनही पुढे माणसांच्या यकृताला घातक ठरली. चिपने यकृताला घातक औषधांपैकी ८७ टक्के पकडली, आणि निर्दोष औषधांपैकी एकालाही दोषी ठरवले नाही. त्याच महिन्यात अमेरिकेने १९३८ पासूनचा कायदा बदलला आणि प्राण्यांवरची चाचणी झालीच पाहिजे ही सक्ती काढून टाकली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ही यकृताची चिप आपल्या विशेष तपासणी योजनेत दाखल करून घेतली.

इथपर्यंत वाचून आपण म्हणाल, डॉक्टर, सगळे छानच चालले आहे की! आता माझी शंका सांगतो.

पेपर काढणारा आणि तपासणारा

त्या ८७० चिपांच्या अभ्यासाचे बरेच लेखक चिप विकणाऱ्या कंपनीचेच नोकर होते. त्यांनी ते लपवले नाही, लेखातच स्पष्ट लिहिले. कसोटीही आपल्या मनाची लावली नाही. औषध कंपन्यांच्या एका संयुक्त गटाने आधी ठरवलेले निकष त्यांनी घेतले. तरीही ज्याने पोराला शिकवले त्यानेच पेपर काढून तपासला, असे थोडे झाले. मी त्यांच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवत नाही. पण आपल्या पोराला मार्क देताना हात सैल सुटतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

विद्यापीठ मध्ये असले म्हणजे सारे बिनधोक, असेही नाही. थायरॉईडच्या गोळ्या आज आपल्याकडे घरटी कुणीतरी घेते. त्याच गोळीची हकिकत ऐका. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीने १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या बेटी डाँग या संशोधिकेशी करार केला. आपली नामांकित थायरॉईडची गोळी इतरांच्या गोळ्यांपेक्षा सरस आहे, हे सिद्ध होईल अशी कंपनीची अपेक्षा होती. अभ्यासाचा निकाल आला, की सगळ्या सारख्याच. करारात एक वाक्य होते: कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय निष्कर्ष छापायचा नाही. लेख तयार होता, नियतकालिकाने तो स्वीकारलाही होता. पण जानेवारी १९९५ मध्ये छपाईच्या तोंडावर तो मागे घ्यावा लागला. अखेर एप्रिल १९९७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एवढी वर्षे रुग्ण महाग गोळीसाठी जास्त पैसे मोजत राहिले, केवळ करारातल्या एका वाक्यापायी.

छोटासा अनुभव माझाही आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका वेदनाशामक गोळीनंतर माझ्या दोन रुग्णांना कावीळ झाली. दोन्ही वेळा मी त्या कंपनीला तारखांसह, तपासण्यांच्या अहवालांसह पत्र लिहिले. उत्तर आले नाही. तीन महिन्यांनी त्यांचा प्रतिनिधी आला आणि टेबलावर ठेवायचे एक सुंदर घड्याळ देऊन गेला. ते घड्याळ पुढे चार वर्षे अगदी बरोबर वेळ दाखवत होते. माझ्या पत्राची वेळ मात्र कधी आली नाही.

म्हणून मला त्या तंत्रज्ञानाच्या इतिहासातली दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते, तिची फारशी जाहिरात होत नसली तरी. २०१६ साली अमेरिकी सरकारने अशा चिपा तपासण्यासाठी दोन स्वतंत्र केंद्रे उभी केली. एक एम.आय.टी.मध्ये, दुसरे टेक्सस ए अँड एम विद्यापीठात. एकाने बनवलेली चिप दुसऱ्याच्या हाती द्यायची. त्याला तोच निकाल मिळतो का, ते पाहायचे. आणि ती माहिती पिट्सबर्ग विद्यापीठातल्या भांडारात जमा करायची. स्वयंपाकिणीच्या हाताला चव असतेच. पाककृती खरी कोणती? जी वाचून शेजारणीलाही तोच पदार्थ जमतो ती. माझ्या मते विद्यापीठाचे खरे काम हेच. शोध लावावा, कंपनीबरोबर तो वाढवावा, पण तपासनिसाची खुर्ची विकू नये.

चिपला काय जमत नाही

या तंत्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर मीच जाहिरात केल्यासारखे होईल. ज्या सिलिकॉन रबराची चिप बनते, ते काही औषधे स्वतःच शोषून घेते. मग पेशींपर्यंत किती पोहोचले याचा हिशेब चुकतो. चिपवरच्या पेशी काही आठवडे टिकतात. फियालुरिडिनने दगा दिला तो तेराव्या आठवड्यात. इतक्या सावकाश होणारी इजा चिपला दिसेलच असे नाही. माणसाच्या शरीरात यकृताशी रक्त, आतडी, मेंदू, प्रतिकारशक्ती, सारे बोलत असतात. चिपवर तो एकटा अवयव. दोन-चार चिपा नळ्यांनी जोडून ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. म्हणून उद्यापासून प्राण्यांवरच्या सर्व चाचण्या बंद, असे कुणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नये. चिप ही चाळणीतली आणखी एक बारीक जाळी आहे. सगळी चाळणी नव्हे.

दुसरे असे, की भेसळीला चिप लागत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून लहान मुलांचे जीव गेले. दोन्ही ठिकाणी विष एकच, डायएथिलीन ग्लायकॉल, आणि ते ओळखण्याची परीक्षा फार जुनी आहे. ती वेळेवर करणारा माणूस हवा. नव्या तंत्राच्या कौतुकात हे साधे काम विसरले जाऊ नये.

आपले यकृत कोण तपासणार?

आपल्याकडे काय परिस्थिती आहे? भारत सरकारने नवीन औषधांच्या चाचण्यांसंबंधीच्या २०१९ च्या नियमांत २०२३ साली दुरुस्ती केली आणि चिपवरचे अवयव, प्रयोगशाळेत वाढवलेले पेशींचे गोळे, संगणकी पद्धती अशा मार्गांना प्राण्यांवरच्या चाचणीच्या बरोबरीने वाट मोकळी करून दिली. हैदराबादच्या सीसीएमबीच्या उद्योग-प्रोत्साहन केंद्रात या विषयाला वाहिलेला विभाग आहे. आपल्या महाराष्ट्रात माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अशा चिपांवर काम झाले आहे. जुन्या पिढीला ही संस्था यूडीसीटी या नावाने ठाऊक आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने उद्योग आणि विद्यापीठ यांच्या सहकार्याचा धडा देशाला घालून दिला. प्रा. एम. एम. शर्मांसारखा शिक्षक वर्गात शिकवी, कारखान्यांना सल्ला देई, आणि रॉयल सोसायटीचा फेलोही होई. म्हणजे हे सहकार्य आपल्याला परके नाही.

परंतु आपण हे काम केले नाही तर दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही, हा माझा मुख्य मुद्दा आहे. आयसोनियाझिड शरीरातून बाहेर काढणारे एक एन्झाइम यकृतात असते. काहींमध्ये ते जलद काम करते, काहींमध्ये मंद. ही देणगी जन्मतःची, आईवडिलांकडून आलेली. मंद प्रकारच्या लोकांना या औषधाने यकृताला इजा होण्याचा धोका अधिक असतो. आणि भारतात असे लोक मोठ्या संख्येने आहेत. जपानी लोकांत ते फार थोडे आढळतात. बॉस्टनमधल्या चिपवर बॉस्टनमध्ये मिळालेल्या यकृताच्या पेशी असतात. जगातले जवळपास चौथ्या हिश्शाचे क्षयरुग्ण भारतात. मग क्षयाच्या नव्या औषधाची परीक्षा आपल्या माणसांच्या पेशींवर, मंद आणि जलद अशा दोन्ही प्रकारच्या, नको का व्हायला? क्षयाच्या औषधात फारसा नफा नसतो, म्हणून एकटी कंपनी त्यावर पैसा घालणार नाही. एकट्या विद्यापीठाकडे तेवढा पैसा नाही. इथे दोघांनी एकत्र बसायलाच हवे, आणि सरकारने मध्ये बसायला हवे.

म्हणून त्या एम.फार्म.च्या मुलाला मी सांगितले: कंपनीबरोबर अवश्य काम कर. पण सही करण्याआधी करारात तीन गोष्टी आहेत का ते सरांना विचार. पहिली, निकाल चांगला येवो वा वाईट, तो छापण्याचा हक्क तुमचा असला पाहिजे. परवानगीची अट नको. पेटंटसाठी चार महिने थांबायला हरकत नाही, चार वर्षे नको. दुसरी, तुमची चिप दुसऱ्या एखाद्या संस्थेत, जिचा तिच्या विक्रीशी संबंध नाही अशा ठिकाणी, तपासली गेली पाहिजे. तिसरी, ज्याने किंवा ज्याच्या नातेवाइकांनी त्या पेशी दिल्या, त्यांना त्याचे काय होणार हे मराठीत, समजेल अशा भाषेत सांगितले गेले पाहिजे. मुलगा म्हणाला, "काका, एवढं विचारलं तर सर मला प्रोजेक्टच देणार नाहीत." मी म्हटले, "हे विचारल्यामुळे जे हातचे जाईल, ते गेलेलेच बरे."

आपल्या हातात काय आहे

वाचकहो, चिप आपल्या गावात यायला वेळ लागेल. तोवर काय करायचे? क्षयाची औषधे कावीळ होईल या भीतीने कुणीही परस्पर बंद करू नयेत. अर्धवट सोडलेला क्षय काविळीपेक्षा कितीतरी घातक असतो. मात्र औषध सुरू झाल्यावर, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, भूक मरणे, सतत मळमळ, उलट्या, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि पुढची गोळी त्यांना विचारूनच घ्यावी. या काळात दारूला शिवू नये. ताकदीची म्हणून कुणी दिलेली पुडी किंवा काढा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.

दुसरे, कोणत्याही औषधाने त्रास झाला तर तो कळवावा. २०१० पासून आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम चालतो. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर पैसे न पडता फोन करता येतो. डॉक्टरच हवा असे नाही, रुग्णही कळवू शकतो. कंपनीला पत्र लिहिल्यावर घड्याळ मिळते. इथे निदान नोंद होते. आणि या नोंदींतूनच उद्या चिप बनवणाऱ्यांना कळेल, की कोणत्या औषधाची परीक्षा पुन्हा घ्यायला हवी.

कंडक्टरसाहेब निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. परवा नातवाला घेऊन ते दोघेही आले, तेव्हा मी त्यांना त्यांच्या जुन्या प्रश्नाची आठवण दिली आणि वरचे सारे थोडक्यात सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आता हिच्यासारख्या बाईचं लिव्हर त्या पट्टीवर ठेवून आधी बघतील." बरोबर समजले होते त्यांना. फक्त बघणारा कोण आणि त्याचा पगार कोण देतो, हेही आपण अधूनमधून विचारत राहिले पाहिजे.